आयता उजेड

हळदीचा फोटो लाइटरूमच्या कुठल्याही प्रीसेटची, म्हणजे एका क्लिकने फोटोवर बसणाऱ्या तयार सेटिंग्जची, परीक्षा पाच सेकंदांत घेतो. नाशिकच्या गंगापूर रोडवरचं एखादं लॉन्स, सकाळी दहाचं ऊन, वर पिवळं कापड ताणलेलं, नवरीच्या गालाला आणि हाताला हळद, मागे झेंडूच्या माळा. एवढ्याशा चौकटीत पिवळ्याच्या चार-पाच छटा असतात. साडीचा लिंबाकडे झुकणारा पिवळा, ओल्या हळदीचा दाट, वाळत आलेल्या हळदीचा फिका, झेंडूचा केशरीकडे गेलेला. त्यावर 'सिनेमॅटिक' किंवा 'मूडी' असं काही नाव असलेला प्रीसेट दाबला की या सगळ्या छटा एका विटकरी रंगात जमा होतात. हळद कुठे संपली आणि कातडी कुठे सुरू झाली ते ओळखू येत नाही. ज्या दिवसाचा फोटो आहे त्या दिवसाचा रंगच त्यातून गेलेला असतो.

प्रीसेट बनवणाऱ्याचा यात दोष नाही. त्याच्यासमोर ढगाळ आभाळाखालची एखादी पायवाट असेल, तिथे पिवळं म्हणजे फक्त वाळलेलं गवत असेल, आणि ते केशरीकडे सरकवल्यावर त्याला चित्र आवडलं असेल. प्रीसेट म्हणजे कुणीतरी एका उजेडासाठी घेतलेल्या निर्णयांची यादी. आपण तो बसवतो तेव्हा तो उजेडही आयता घरात येतो. म्हणून बसवण्याच्या पायऱ्या नीट माहीत हव्यात, आणि बसवल्यावर त्यातलं काय काढून टाकायचं हे त्याहून जास्त माहीत हवं.

आधी बसवणं. लाइटरूम क्लासिक म्हणजे अडोबीचं फोटो सुधारायचं कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर, त्यात डेव्हलप उघडा. डावीकडे प्रीसेट्सचं पॅनेल आहे, त्याच्या नावाशेजारी अधिकची खूण. ती दाबली की इम्पोर्ट प्रीसेट्स येतं. डाउनलोड केलेली झिप तशीच निवडली तरी चालते, आधी सोडवावी (अनझिप करावी) लागत नाही. पण विकत घेतलेल्या पॅकमध्ये बहुतेक वेळा झिपच्या पोटात आणखी झिप असते. एकात कॉम्प्युटरसाठीच्या एक्सएमपी फाइल, दुसऱ्यात मोबाइलसाठीच्या डीएनजी, तिसऱ्यात व्हिडिओचे रंग बदलणाऱ्या 'लट' (LUT) फाइल, वर एक सूचनांची पीडीएफ. बाहेरची झिप निवडली आणि काहीच आलं नाही तर कारण हेच. अशा वेळी सगळं सोडवून फक्त एक्सएमपीचं फोल्डर उघडायचं, कंट्रोल आणि ए दाबून सगळ्या फाइल निवडायच्या आणि इम्पोर्ट करायच्या. मॅकवर बनवलेली झिप विंडोजवर सोडवली की 'मॅकओएसएक्स' नावाचं एक जादा फोल्डर दिसतं. त्यातल्या फाइलींची नावं प्रीसेटसारखीच असतात, सुरुवातीला फक्त टिंब आणि अधोरेषा असते. ते प्रीसेट नाहीत, ते फोल्डर सोडून द्यायचं. आणि पॅकमध्ये ईएक्सई फाइल असेल तर ती चालवायचीच नाही. प्रीसेट ही साधी मजकुराची फाइल आहे, तिला कसलाही इन्स्टॉलर लागत नाही.

जुन्या पॅकमध्ये एलआर-टेम्प्लेट नावाचा प्रकार मिळतो. २०१८ च्या एप्रिलमध्ये क्लासिकची ७.३ आवृत्ती आली, तेव्हापासून प्रीसेट एक्सएमपी स्वरूपात साठवले जातात. जुनी फाइल वर सांगितलेल्या वाटेने इम्पोर्ट केली तर लाइटरूम ती स्वतःच बदलून घेतं. फोटोशॉपमधल्या कॅमेरा रॉ या फोटो सुधारायच्या भागाला मात्र ती कळत नाही. एक्सएमपी फाइल दोघांनाही चालते, कारण दोघंही एकाच फोल्डरमधून वाचतात. त्यामुळे क्लासिकमध्ये बसवलेला प्रीसेट कॅमेरा रॉमध्येही दिसला तर दचकायचं कारण नाही.

ते फोल्डर हाताने शोधायची वेळ कधीतरी येतेच. विंडोजवर रनची खिडकी उघडून टक्क्याच्या दोन खुणांमध्ये 'अ‍ॅपडेटा' टाइप केलं की रोमिंग फोल्डर उघडतं. पुढे अडोबी, मग कॅमेरा रॉ, मग सेटिंग्ज. अ‍ॅपडेटा एरवी लपवलेलं असतं, म्हणून नुसतं सी ड्राइव्हमध्ये शोधणाऱ्याला ते सापडत नाही. मॅकवर फाइंडरच्या गो मेन्यूत ऑप्शनची कळ दाबून धरली की लायब्ररी दिसायला लागते. त्यात अ‍ॅप्लिकेशन सपोर्ट आणि पुढे तेच. इथे फाइल हाताने टाकली तर लाइटरूम बंद करून पुन्हा उघडावं लागतं. एक गोष्ट लक्षात ठेवा, प्रीसेटचं नाव आणि गटाचं नाव फाइलीच्या आत लिहिलेलं असतं. एक्सप्लोररमध्ये फाइलीचं नाव बदलून पॅनेलमधलं नाव बदलत नाही, आणि वेगळं फोल्डर केल्याने वेगळा गट होत नाही. नाव बदलायचं तर पॅनेलमध्येच उजवी क्लिक करून.

आता नेहमीची तक्रार: 'कालपर्यंत होते, आज प्रीसेट दिसत नाहीत.' नाशिकच्या लग्नाच्या कामात प्रत्येक लग्नाचा वेगळा कॅटलॉग (फोटोंची आणि त्यांच्यावरच्या कामाची लाइटरूममधली नोंदवही) करायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे, आणि घोळ तिथेच होतो. प्रेफरन्सेसमध्ये प्रीसेट्सच्या टॅबवर 'स्टोअर प्रीसेट्स विथ धिस कॅटलॉग' असा चौकोन आहे. त्यावर खूण असेल तर प्रीसेट त्या कॅटलॉगशेजारच्या फोल्डरमध्ये साठतात आणि पुढच्या लग्नाचा नवा कॅटलॉग उघडला की ते तिथे नसतात. फाइली हरवलेल्या नसतात, फक्त दुसऱ्या घरात असतात. खूण काढून लाइटरूम पुन्हा सुरू करा, आणि जुन्या फोल्डरमधले प्रीसेट एकदा इम्पोर्ट करून घ्या.

दुसरं कारण जरा बारीक आहे. प्रीसेटमध्ये एखाद्या कॅमेऱ्याचंच प्रोफाइल (रंग वाचायची मूळ पद्धत) धरलेलं असेल आणि समोरचा फोटो दुसऱ्या कॅमेऱ्याचा असेल, किंवा प्रीसेट रॉसाठी (कॅमेऱ्यातून आलेल्या, प्रक्रिया न झालेल्या मूळ फाइलीसाठी) असेल आणि समोर जेपेग असेल, तर तो पूर्ण लागू पडत नाही. असे प्रीसेट दाखवायचे की लपवायचे हे त्याच प्रीसेट्सच्या टॅबवर ठरतं. 'पार्शली कम्पॅटिबल' दाखवा अशी खूण असेल तर ते फिकट, तिरक्या अक्षरात दिसतात, नसेल तर गायब होतात. म्हणून कॅनॉनच्या फोटोवर दिसणारा प्रीसेट निकॉनच्या फोटोवर आल्यावर नाहीसा होऊ शकतो. दोन-तीन कॅमेरे घेऊन एकाच लग्नात काम करणाऱ्यांनी ती खूण चालूच ठेवावी, निदान कारण तरी डोळ्यांसमोर राहतं.

फोनचं थोडक्यात सांगते. लाइटरूमच्या फोनवरच्या अ‍ॅपमध्ये फोटो उघडून प्रीसेट्समध्ये जायचं, 'युअर्स' निवडायचं, तीन टिंबं दाबून इम्पोर्ट. झिप चालते. डीएनजी दिलेली असेल तर ती फोटोसारखी अ‍ॅपमध्ये घ्यायची, उघडायची आणि तीन टिंबांमधून क्रिएट प्रीसेट करायचं. इथे होणारी चूक एकच: डीएनजी डाउनलोड करायच्या ऐवजी पडद्यावर दिसणारं तिचं चित्र सेव्ह केलं जातं. ते जेपेग असतं. सेटिंग्ज त्यात मुरलेल्या असतात, त्यामुळे त्यातून प्रीसेट काढला तर सगळे स्लायडर शून्यावर निघतात. क्लासिकमधले प्रीसेट फोनवर आपोआप जात नाहीत, हेही माहीत असू द्या. त्यासाठी ते क्लाउडवाल्या लाइटरूममध्ये वेगळे इम्पोर्ट करावे लागतात. तिथून सिंक होऊन ते फोनवर उतरतात.

बसवणं झालं. आता एक काम प्रत्येकाने एकदा तरी करावं: एक्सएमपी फाइलीवर उजवी क्लिक करून ती नोटपॅडमध्ये उघडावी. आत आज्ञा असतात, एकीखाली एक, समोर आकडे. ह्यू (रंगाची छटा), यलो, उणे ३५. सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा), ग्रीन, उणे ६०. टेंपरेचर (फोटो निळसर की पिवळसर हे ठरवणारा आकडा) ५२००. ब्लू प्राइमरीचा ह्यू उणे १००. वाचायला पाच मिनिटं लागतात आणि प्रीसेटचं सगळं बिंग उघडं पडतं. पाच हजारांना घेतलेला पॅक असो की फुकट मिळालेला, आत हेच असतं. बदल इथे नोटपॅडमध्ये करू नका, नुसतं वाचा.

त्यात टेंपरेचरचा आकडा दिसला की थांबायचं. रॉ फोटोवर हा आकडा केल्विनमध्ये असतो आणि प्रीसेट तो थेट लादतो. रामकुंडावर सूर्य उगवण्याआधीचा उजेड निळसर असतो, त्याला ५२०० लावलं की घाट, पाणी, माणसं सगळीच निळी पडतात. रात्री पिवळ्या बल्बखालच्या हॉलला तोच आकडा लावला की सगळं संत्र्यासारखं होतं. जेपेगवर टेंपरेचरचा स्लायडर केल्विनमध्ये नसतो, उणे १०० ते अधिक १०० असा असतो, त्यामुळे रॉवरचा आकडा तिथे बसतच नाही. एकाच प्रीसेटने दोन फोटोग्राफरांचे फोटो वेगळे का दिसतात, याचं उत्तर बऱ्याचदा इतकंच असतं: एकाने रॉ काढले, दुसऱ्याने जेपेग. एक्स्पोजरचं, म्हणजे फोटोच्या एकूण उजळपणाचंही तसंच. प्रीसेटमध्ये अधिक ०.७० असेल तर ते तुमच्या आकड्यात मिळवलं जात नाही, तुमचा आकडा पुसून तिथे ०.७० बसतं. म्हणून लग्नाच्या चारशे फोटोंचं एक्स्पोजर आधी हाताने नीट करून मग असा प्रीसेट लावणं म्हणजे सगळी मेहनत वाया घालवणं.

याच्या उलट बाजूही आहे. प्रीसेटमध्ये जे लिहिलेलं नाही त्याला तो हात लावत नाही. दहा प्रीसेट एकामागून एक दाबून पाहिले तर आधीच्या नऊंचा गाळ दहाव्याखाली उरतो. कुणाचा ग्रेन, कुणाची कडेची काळोखी, कुणाचा कर्व्ह. आवडलेलं ते मिश्रण दुसऱ्या फोटोवर पुन्हा येत नाही. नुसतं बघायचं असेल तर नावावर माउस नेऊन थांबा, फोटोवर झलक दिसते. दाबायचंच असेल तर मध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि आर दाबून फोटो मूळ पदावर आणा.

आता नाशिकच्या रंगांकडे येऊ. पावसाळ्यात त्र्यंबकच्या रस्त्याला अंजनेरीच्या पायथ्याशी भाताची खाचरं बघा. तो हिरवा रंग पोपटी असतो आणि त्यात पिवळ्याचा भाग मोठा असतो. लाइटरूममध्ये गवत आणि भात ग्रीनच्या स्लायडरपेक्षा यलोच्या स्लायडरने जास्त हलतात. बाजारातले पुष्कळ प्रीसेट ग्रीनचं सॅच्युरेशन उतरवतात आणि यलोला केशरीकडे ढकलतात, कारण तो शांत, मातकट हिरवा सध्या चालतो. आपल्याकडे त्याचा परिणाम असा की श्रावणातला डोंगर एप्रिलमधला वाटायला लागतो. मग कुणी हळदीचा पिवळा वाचवायला यलो परत आणतो आणि त्याच फोटोतलं लॉन्सचं गवत भडक होतं. एकाच स्लायडरवर हळदही आहे आणि गवतही. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये क्लासिकला पॉइंट कलर आलं, ते इथे कामाला येतं. ड्रॉपरने हळदीवर क्लिक करा, रेंज कमी करा, व्हिज्युअलाइज रेंजवर खूण करून फक्त हळदच निवडली गेली आहे ना ते बघा आणि तेवढाच रंग हलवा. गवत जागच्या जागी राहतं.

कधीकधी मात्र कलर मिक्सरमधले सगळे आकडे शून्यावर आणूनही पिवळा परत येत नाही. अशा वेळी पॅनेलच्या अगदी तळाला कॅलिब्रेशन उघडून बघा. निळसर-केशरी रंगसंगतीचे प्रीसेट खरी ढकल इथे देतात. ब्लू प्राइमरीचा ह्यू उणे टोकाला नेला की निळे समुद्री रंगाकडे जातात आणि त्याचबरोबर पिवळे केशरीकडे ओढले जातात. हा बदल प्रत्येक पिक्सेलवर होतो, त्यामुळे वरून कितीही दुरुस्ती केली तरी ती अपुरी पडते. तो ह्यू उणे १०० वरून उणे २० वर आणा. हळद पुष्कळशी जाग्यावर येते आणि प्रीसेटचा बाजही पूर्ण जात नाही.

काळाराम मंदिराचा दगड ही दुसरी परीक्षा. काळा पाषाण, पावसात भिजला की आणखी काळा आणि वर ओल्या उजेडाची एक पातळ चमक. मॅट प्रीसेटमध्ये टोन कर्व्हचं, म्हणजे उजेड-काळोख ठरवणाऱ्या रेषेचं, डावं खालचं टोक कोपऱ्यातून वर उचललेलं असतं. म्हणजे या फोटोत पूर्ण काळा कुठेच उरणार नाही असं आधीच ठरवून टाकलेलं असतं. चेहऱ्यावर ते मऊ दिसतं. या दगडावर ते राखेचा थर बसल्यासारखं दिसतं, आणि कोरीवकामाची खोली जाते, कारण ती खोली सावलीतल्या काळ्यानेच तयार होते. ब्लॅक्सचा स्लायडर कितीही खाली ओढला तरी उपयोग नाही, कर्व्हची अट वरचढ राहते. टोन कर्व्हमध्ये पॉइंट कर्व्ह उघडून ते टोक पुन्हा कोपऱ्यात नेऊन बसवा, दगड लगेच दगड दिसतो.

द्राक्षांबद्दलही सांगायला हवं, कारण बागेतले फोटो आता द्राक्षं परदेशी पाठवणारेही काढून घेतात आणि बागायतदारही. पिकलेल्या मण्यावर एक पांढुरका थर असतो, बोट लागलं की पुसला जाणारा. घड ताजा आहे, हाताळलेला नाही, याची ती खूण. बोट लागलेल्या मण्यावर गडद ठसा उरतो, बाकी मणी धुक्यातून दिसावा तसा. डीहेझ (धुकं कमी करणारा स्लायडर) वाढवलेला प्रीसेट हा थर धुकं समजून पुसून टाकतो आणि मणी प्लॅस्टिकसारखे चकाकतात. उणे क्लॅरिटीचा (कडांचा उठाव कमी करणारा) प्रीसेट उलटं करतो, सगळाच घड साबणाच्या फेसात बुडवल्यासारखा होतो. इथे डीहेझ शून्य, क्लॅरिटी शून्य आणि टेक्स्चर अधिक १० ते १५ एवढंच पुरतं.

कातडीच्या रंगाबद्दल माझं मत ठाम आहे. लग्नासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ प्रीसेटमध्ये ऑरेंजचं ल्युमिनन्स (उजळपणा) वाढवलेलं आणि सॅच्युरेशन उतरवलेलं असतं. माणसाची कातडी त्या ऑरेंजच्या पट्ट्यात येते, आणि ती उजळ दिसावी हा त्यामागचा हेतू. सावळ्या चेहऱ्यावर यामुळे गालाची गोलाई सपाट होते आणि कपाळ राखाडी पडतं. हे त्या माणसाशी बेइमानीचं काम आहे. शिवाय भगवा रंगही याच पट्ट्यात येतो. २०२७ च्या सिंहस्थात घाटावर साधूंचे फोटो काढायचे असतील तर हा प्रीसेट वस्त्रांचा भगवा उडवून त्याचा फिका जर्दाळू रंग करेल. ऑरेंजचं ल्युमिनन्स शून्यावर आणा, चेहरा उजळायचाच असेल तर मास्कमध्ये माणूस निवडून एक्स्पोजर पाव स्टॉप वाढवा.

रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या हौदात, उडी मारणाऱ्यांचे फोटो भडक हवेतच, पण सॅच्युरेशन वाढवणारा प्रीसेट लावल्यावर कीबोर्डवरचं 'जे' (J) बटण दाबून बघा. जिथे लाल ठिपके पसरले तिथे रंगाच्या आतला तपशील गेला. अशा वेळी सॅच्युरेशन मागे घ्या आणि व्हायब्रन्सवर (फिके रंग जास्त वाढवणाऱ्या स्लायडरवर) काम भागवा.

पॅकमधला एखादा प्रीसेट खरंच आवडला तर तो तसाच वापरण्यापेक्षा त्याचा आपला अवतार करून घ्यावा. फोटोवर तो लावा, पिवळा, काळा, ऑरेंज वर सांगितल्याप्रमाणे दुरुस्त करा, मग अधिकची खूण दाबून क्रिएट प्रीसेट. समोर खुणांची लांब यादी येते. व्हाइट बॅलन्स काढा. एक्स्पोजर काढा. लेन्स करेक्शन काढा, नाहीतर दुसऱ्याच्या लेन्सची दुरुस्ती तुमच्या लेन्सवर बसेल. ट्रान्सफॉर्म काढा. मास्किंग काढा, कारण त्याच्या फोटोत चेहरा जिथे होता तिथे तुमच्या फोटोत खांब असू शकतो. नॉइज रिडक्शनही (फोटोतले बारीक दाणे कमी करणंही) काढा. कर्व्ह, कलर मिक्सर, कलर ग्रेडिंग, कॅलिब्रेशन आणि ग्रेन एवढं ठेवलं की रूप येतं आणि उजेड तुमच्याच हातात राहतो. लावल्यावर जास्त वाटला तर प्रीसेटचा अमाउंट स्लायडर आहे, शून्य ते २०० पर्यंत. हळदीच्या फोटोंना ५० ते ६० च्या पुढे क्वचितच जावं लागतं.

नॉइजची सोय वेगळी करता येते आणि नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात पहाटे पक्षी टिपणाऱ्यांनी ती करूनच घ्यावी. धुक्यात ३२०० आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) लागतो, दोन तासांनी ४०० वर काम होतं. दोन्ही आयएसओचा एकेक रॉ फोटो घ्या, प्रत्येकाला हवं तेवढं नॉइज रिडक्शन हाताने द्या, दोन्ही एकत्र निवडा आणि क्रिएट प्रीसेट करताना आयएसओ अ‍ॅडॅप्टिव्हवर खूण करा. मधल्या आयएसओंना लाइटरूम मधलं प्रमाण स्वतः काढतं. हा प्रीसेट इम्पोर्टच्या खिडकीत 'अप्लाय ड्युरिंग इम्पोर्ट'मध्ये ठेवला की कार्डावरून फोटो उतरतानाच काम होऊन जातं.

नावं देताना इंग्रजी मूडची नावं टाळा. 'गोदाघाट पहाट', 'लॉन्स दुपार', 'हॉल एलईडी', 'काळा दगड ओला', 'हळद' अशी नावं ठेवली की सहा महिन्यांनी घाईतही हात बरोबर ठिकाणी जातो. मग त्या गटावर उजवी क्लिक करून एक्स्पोर्ट ग्रुप करा. एक झिप तयार होते, काही केबींची. ती पेनड्राइव्हवर आणि मेलवर अशा दोन ठिकाणी ठेवा, आणि नव्या मशीनवर बसवताना सगळ्यात आधी हळदीच्या एका जुन्या रॉ फोटोवर लावून बघा.